न झालेल्या भेटीची सही

मित्रांनो, मी एक जुनी वही आहे. तळहाताएवढी, बत्तीस पानांची, पत्र्याच्या डबीत राहणारी. पानं पिवळी पडली, कोपरे दुमडले, तरी एक गोष्ट ताठ मानेने सांगते. न भेटलेल्या माणसाचं नाव मी आजवर अंगाला लावून घेतलेलं नाही, आणि पुढेही घेणार नाही.

मला एका बाईंनी बनवलं. शाळेच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं त्यांनी काचेची भांडी सांभाळली होती. उरलेल्या आलेखाच्या कागदाचे त्यांनी चौकोन कापले, जाड दोऱ्याने शिवले आणि सोबत बोटभर पेन्सिल ठेवली. शाई ओलीने पसरते, शिसं पसरत नाही, म्हणून पेन्सिल. पहिल्या पानावर त्यांनी लिहिलं, 'इथे सही केल्यावरच सापडली म्हणावं. नाही सापडली तर तसं लिहावं. त्यात कमीपणा नाही.' मग कालव्यावरच्या पादचारी पुलाच्या जिन्यालगत, दगडी भिंतीच्या फटीत त्यांनी मला डबीसकट लपवलं.

या खेळाला जिओकॅशिंग म्हणतात. माझ्या जागेचे अक्षांश-रेखांश बाईंनी संकेतस्थळावर टाकले. लोक मोबाइल बघत यायचे, फट चाचपायचे, माझ्यात नाव नि तारीख लिहायचे आणि मला होते तशी परत ठेवायचे. मग संकेतस्थळावर 'सापडली' अशी नोंद. चार वर्षांत एकेचाळीस जण येऊन गेले. एका पोस्टमनने लिहिलं, 'रोज इथूनच जातो, पत्ताच नव्हता!' एका आजोबांची सही इतकी थरथरती, की तिने दोन ओळी व्यापल्या. मला ती फार आवडते.

पाचव्या वर्षी पुलाची डागडुजी निघाली. गवंड्याने शेजारचा दगड ठोकून बसवला, त्या हादऱ्याने डबी घसरली आणि हातभर खाली जाऊन अडकली. वरून सिमेंट थापलं गेलं. आता मला माणसांचं बोलणं ऐकू यायचं, हात मात्र कुणाचाच पोहोचत नव्हता.

आधी आली एक चष्मेवाली. चष्म्याच्या दुकानात ती लोकांची नजर तपासायची. तिने अर्धा तास शोधलं आणि 'नाही सापडली' अशी नोंद केली. ती वाचून बाई माझी विचारपूस करायला निघाल्याच होत्या.

पण त्याच दिवशी बाईंचा भाचा मित्राला घेऊन पुलावर आला. या भाच्याला सगळे हजारी म्हणत, कारण हजार डब्यांचा आकडा गाठायचा त्याने ध्यासच घेतला होता.

"अरे, फट तर रिकामी आहे," मित्र म्हणाला.

"जागा हीच ना? आपण इथवर आलो ना? मग टाक 'सापडली' म्हणून."

"आणि सही?"

"मावशीची डबी आहे रे. ती काय वही घेऊन उलटतपासणी करणार आहे?"

मला आवाज असता ना, तर भिंत दणाणून सोडली असती!

त्या दोघांच्या 'सापडली' नोंदी वाचून बाईंनी पायातल्या चपला काढून ठेवल्या. वही जागेवर आहे, मग जायचं कशाला? इकडे भिंतीतून पाणी झिरपत होतं. माझी मागची पानं फुगत चालली होती. हजारीचं बघून आणखी चौघांनी तेच केलं. चष्मेवाली पुन्हा आली आणि तिने पुन्हा 'नाही सापडली' असंच लिहिलं. मग संकेतस्थळावर तिची टर उडू लागली. 'गावाला चष्मे विकता, एक स्वतःलाही लावा की!' ते दुकानापर्यंत पोहोचलं. गिऱ्हाइकं हसत विचारू लागली, "आमचा नंबर तरी नीट काढलात ना?"

तिने गपचूप एक 'सापडली' टाकली असती, तर सगळं मिटलं असतं. ती तिसऱ्यांदा आली ती मोजपट्टी घेऊन. तिने नोंद केली, 'वरून तिसऱ्या पायरीलगतची फट. खोली चार बोटं. आत काही नाही. कडेचं सिमेंट नवं आहे.'

बाई ताडकन उठल्या. सहा जणांनी 'मस्त जागा' एवढंच लिहिलं होतं. नवं सिमेंट एकालाही दिसलं नव्हतं! त्यांनी चष्मेवालीला पुलावर बोलावून घेतलं, छिन्नीने सिमेंटचा कोपरा उडवला आणि वाकवलेल्या तारेने डबी वर ओढली. मला उघडलं. शेवटची सही डागडुजीच्या आधीची होती.

दोघी मला बाईंच्या घरी घेऊन गेल्या. माझ्या पानापानांत टीपकागद घालून बाईंनी संकेतस्थळावरच्या त्या सहाही नोंदी पुसून टाकल्या. तासाभरात हजारी दारात उभा. त्याने मागच्याच आठवड्यात मित्रांना हजाराची मेजवानी दिली होती.

"मावशी, नऊशे नव्व्याण्णव झाले माझे! घरच्याच माणसाचं नाव खोडतेस?"

"घरचा आहेस, म्हणून सगळ्यात आधी तुझं खोडलं."

"एका सहीसाठी एवढं?"

"तुझ्या नोंदीवर विश्वास ठेवून मी घरी बसले. वही कुजायला लागली होती. आणि या मुलीला तुम्ही आंधळी ठरवलंत."

"बरं बाई, चुकलं. दे ती वही, आत्ता करतो सही. मागची तारीख टाकतो."

त्याने हात पुढे केला. मी ओली होते, अर्धी फाटलेली होते, पण त्या क्षणी प्रत्येक पान मिटून घ्यावंसं वाटलं. बाईंनी मला उचललं आणि पेन्सिल चष्मेवालीपुढे धरली. "तुम्ही करा सही. तुमच्यामुळे ही वाचली."

चष्मेवाली हसली. "मला कुठे सापडली? काढलीत तुम्ही. समोर ठेवलेल्या वहीवर सही करायला मी काय पाहुणी आहे?"

हजारीने पुढे केलेला हात खिशात घातला. तो निघून गेला.

मी पुन्हा त्याच जिन्यालगत आहे, दोघींनी मिळून निवडलेल्या वरच्या एका कोरड्या फटीत. मित्रांनो, मला शोधायला जरूर या. सापडले तर सही करा, झाकण घट्ट लावा. नाही सापडले तर बेलाशक तसं लिहा. तुमच्या त्या दोन शब्दांनी माझा जीव वाचू शकतो. पण न भेटताच 'भेटलो' म्हणालात, तर मी गप्प बसणार नाही. माझं पान उघडलं की तुमची जागा रिकामी दिसेल.

आणि चष्मेवालीची सही माझ्यात शोधू नका. जागा आपल्याला ठाऊक आहे, मग ते शोधणं कसलं, म्हणून ती इकडे फिरकतसुद्धा नाही. हजार सह्या आणून ठेवा समोर. मला तिची नसलेलीच हवी.