तनयच्या टोपीला आलेली शिसारी

मी बोलतेय, तनयची टोपी. निळी, मानेवर पदर सोडलेली. कॅनबेराच्या गुंगालिन उपनगरात राहते. माझ्या कपाळावर पूर्वी एक हसरा सूर्य छापलेला होता. तो एका चाइल्डकेअर सेंटरचा शिक्का. त्या सेंटरचं नाव मी घेणार नाही. मला तोंड नाही, पण असतं तर ते विटाळलं असतं.

कुठल्याशा कारखान्यात शिलाई मशीनखाली माझा जन्म झाला आणि खोक्यातून मी सेंटरच्या कपाटात येऊन पडले. एके दिवशी विनिता आणि राघव आपल्या दीड वर्षाच्या पोराला घेऊन आले. दोघं पुण्याचे, दोघं आयटीतले. डायरेक्टरबाई डेब्रा त्यांना रंगीत खोल्या, वाळूचा हौद, भाज्यांचे वाफे दाखवत फिरली. प्रवेशाचे पैसे घेतले, दोन आठवड्यांची अनामत घेतली आणि मग मला तनयच्या डोक्यावर चढवून म्हणाली, "अँड द हॅट इज फ्री!" दोघं किती खूश झाले! फुकट म्हटलं की माणसं आधी काय दिलं ते विसरतात.

तनयचं डोकं गरम, घामट आणि खोबरेल तेलाच्या वासाचं. मला ते पहिल्याच दिवशी आवडलं. त्याच्या डोक्यावर बसूनच मी मराठी शिकले.

फीचं गणित मात्र मला कधी पचलं नाही. तनय नऊला यायचा, चारला जायचा. फी सकाळी सात ते संध्याकाळी सहाची. सरकारी सुट्टीला दाराला कुलूप, फी चालू. पोराला ताप आला की "लगेच घेऊन जा" म्हणून फोन, फी चालू. तेव्हा त्यांचा व्हिसा तात्पुरता होता, म्हणून सरकारी सबसिडी नव्हती. विनिताच्या पगारातून फी गेली की फारसं काही उरत नसे.

मग पीआर, म्हणजे कायम राहण्याचा व्हिसा, आला. विनिताने पेढे केले. सबसिडी कुटुंबाच्या उत्पन्नावर ठरते आणि सरकार ती पालकांच्या हातात न देता सरळ सेंटरला देतं. उरलेला फरक पालकांनी भरायचा. विनिताला वाटलं, आता श्वास घेता येईल. पण पुढच्याच महिन्यात ईमेल आला: दर्जा टिकवण्यासाठी फी वाढवत आहोत.

दर्जा! मी आत होते ना, मला विचारा. तपासणीवाले येणार असले की कपाटातून लाकडी खेळणी, वेताच्या टोपल्या बाहेर यायच्या, ते गेले की परत कपाटात. पालकांना दिसणाऱ्या सेंटरच्या ॲपवर आधी "नॅपी बदलली" अशी टिक व्हायची, नॅपी नंतर. कधी नुसतीच टिक. आणि दुपार कलली की दोन खोल्यांची मुलं एका खोलीत कोंबायची, म्हणजे एका बाईला लवकर घरी पाठवता येतं आणि तिचे तास वाचतात.

त्या बायकांना मी दोष देत नाही. त्यांच्यात नागपूरची प्रतीक्षा होती, शिकता शिकता काम करणारी. तनय रडला की ती त्याला कडेवर घेऊन हळूच मराठीत बोलायची. तिलाच बहुतेकदा लवकर घरी पाठवत.

फेब्रुवारीतली, म्हणजे इथल्या भर उन्हाळ्यातली ती दुपार. ऊन असं की घसरगुंडीला हात लावता येत नव्हता. मुलं अंगणात होती. प्रतीक्षाला डेब्राने खुणेने सांगितलं, तू जा. उरलेल्या एकीने दोन्ही खोल्यांची पोरं गोळा केली, आत नेली, दार लावलं. तनय घसरगुंडीखाली बसून मुंग्या बघत होता. त्याला कुणी मोजलं नाही.

काही वेळाने त्याने मान वर केली. अंगण रिकामं होतं. तो दाराशी गेला, काचेवर थापट्या मारल्या. आत मोठ्याने गाणी लागली होती. "मिस प्रतीक्षा! ओपन!" त्याने खूप हाका मारल्या. मग तो परत घसरगुंडीखाली येऊन बसला. त्याला शू झाली होती. माझा पदर त्याने तोंडात धरला होता आणि तो चोखत होता. रडत नव्हता. त्याचं ते न रडणंच मला सहन होत नव्हतं.

विनिताची मीटिंग रद्द झाली होती, म्हणून ती ट्रॅमने लवकर आली. स्टॉपवरून येणारी वाट सेंटरच्या कुंपणाला लागून जाते. तिने सहज आत पाहिलं आणि तिथेच थांबली.

"तनय?"

"मम्मा, एव्हरीवन गॉन," तो म्हणाला.

तेवढ्यात तिच्या हातातला फोन वाजला. ॲपचा निरोप होता: तनय आता मित्रांबरोबर आफ्टरनून टी एन्जॉय करतोय. सोबत टरबुजाच्या फोडींचा फोटो. विनिताने फोनकडे पाहिलं, कुंपणाच्या जाळीतून मुलाकडे पाहिलं आणि तिचा चेहरा असा झाला, जसा नासलेलं दूध तोंडात गेल्यावर होतो.

आत डेब्रा गोड हसली. "ओह, ही मस्ट हॅव जस्ट स्लिप्ड आउट! नो हार्म डन."

"दार बाहेरून उघडत नाही, डेब्रा. आणि आतून त्याचा हात कडीला पोचत नाही," विनिता म्हणाली.

हसू विरलं. मग डेब्राने आवाज खाली आणला. एका आठवड्याची फी माफ करते म्हणाली. गुडविल म्हणून. गोष्ट आपल्यातच राहिली तर बरं.

 ओल्या चड्डीसकट विनिताने पोराला छातीशी धरलं आणि बाहेर पडली.

घरी राघव आधी संतापला, मग हिशेबाला लागला. "दुसरीकडे सगळीकडे वेटलिस्ट आहे. तुझं कॉन्ट्रॅक्ट नवं आहे. फी माफ करतायत तर घेऊ, आणि जागा मिळाली की काढू त्याला."

"राघव, ती मला माझ्या मुलाच्या मुताची किंमत देत होती. तू घेशील?"

 मग राघवनेच लॅपटॉप उघडला आणि तपासणीवाल्यांकडे तक्रार लिहायला तिच्या शेजारी बसला. दुसऱ्या दिवशी प्रतीक्षाचा फोन आला. "ताई, मला घरी पाठवल्यावर एकच जण उरली होती. हे मी विचारतील त्यांना सांगेन. शिफ्ट गेल्या तर गेल्या."

सेंटर सोडायलाही दोन आठवड्यांची नोटीस लागते. त्यातही खाच होती. डेब्राने लिहून कळवलं: शेवटच्या दिवशी मूल आलं नाही, तर त्याआधीच्या गैरहजेरीवर सबसिडी मिळणार नाही, पूर्ण फी पडेल. ज्या दारामागे पोर विसरलं गेलं, त्याच दारातून त्याला पुन्हा आत घाला, नाहीतर भरा!

विनिता शेवटच्या दिवशी आली. तनयच्या हजेरीची सही केली, मला त्याच्या डोक्यावर घातलं आणि त्याच्याबरोबर आत अंगणात जाऊन वाळूच्या हौदाच्या कडेवर बसली.

"पेरेंट्स डोन्ट स्टे," डेब्रा धावत आली.

"मूल इथे आहे तोवर मी केव्हाही आत येऊ शकते. नियम आहे. मी वाचलाय."

ती दिवसभर बसून राहिली. डबा तिथेच खाल्ला. तनयने तिच्या चपलांत वाळू भरली. संध्याकाळी एकेक पालक येऊ लागला तसं सगळे विचारू लागले, ही आई इथे का बसलीय? विनिताने प्रत्येकाला सांगितलं. आवाज चढवला नाही, रडली नाही. एका आजोबांनी ऐकून घेतलं आणि नातीच्या अंगावरचं जॅकेट उगाचच पुन्हा नीट केलं. एका बाईने तिथल्या तिथे डेब्राला विचारलं, "माझी मुलगी आज दुपारी कुठे होती?" डेब्रा फोनवरचं ॲप उघडून शोधू लागली.

तपासणी झाली. दोष सिद्ध झाला, सेंटरला दंड बसला. आणि जुलैत तिथली फी पुन्हा वाढली. वेटलिस्टही तशीच आहे म्हणे. ऐकून मला शिसारी आली. प्रतीक्षाच्या शिफ्ट खरंच गेल्या. दोन महिने तिने एका केकच्या दुकानात काढले, आता बेलकॉननच्या एका सेंटरमध्ये पुन्हा मुलांबरोबर आहे. विनिताने कॉन्ट्रॅक्ट सोडून कमी दिवसांची नोकरी धरली. तनय आठवड्यातून तीन दिवस पालकांच्या समितीने चालवलेल्या एका छोट्या सेंटरमध्ये जातो. दार लागलं की अजून दचकतो.

विनिताने माझ्यावरचा सूर्य ब्लेडने खरवडून काढला. तिथे आता नुसता डाग आहे. तनयचं डोकं मोठं झालंय, मी घट्ट होते, कानावर वळ उठतात. लवकरच मी एखाद्या दानपेटीत जाईन आणि दुसऱ्या कुणा लेकराच्या डोक्यावर.

त्या लेकराच्या आईबाबांनो, मी सावली देईन, कापड विरेपर्यंत देईन. पण मला हाक मारता येत नाही. तेव्हा अधूनमधून न कळवता, वेळेआधी या. फोन खिशात ठेवा आणि डोळ्यांनी बघा.