वीस डोकी

लहानीने तानीच्या अंगात दुसऱ्याच पोरीचा फ्रॉक ओढून घातला, पाठीवरची दोन बटणं लावली आणि तिला खांद्याला धरून समोर वळवलं.

“नाव सांग.”

“तानी.”

“नाय गो. परत.”

“देवकी. देवकी वाळू मेंगाळ.”

“आणि बापूस कुठं?”

“भिवंडीला, भट्टीवर.”

“अगो येडे, बापूस भट्टीवर असता तर तू हितं कशी असतीस? बापूस रानात गेलाय, लाकडाला.”

तानीने मान हलवली. तिच्यामागे तीन पोरगे रांगेत उभे होते. त्यांच्याही अंगात दुसऱ्यांचे शर्ट, एकाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. त्यातला सगळ्यात बारका म्हणाला, “आत्या, खिचडी कुणाच्या नावावर मिळंल?”

“पोटाच्या नावावर. गप उभा ऱ्हा.”

चौघंही पळसवाडीची, म्हणजे खिंडीपलीकडची. लहानीच्या माहेरची. तानी तर तिच्या भावाची, कमळूची पोरगी. कारवीवाडीच्या शाळेशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. पण आज ती कारवीवाडीची होती, कारण कारवीवाडीची खरी चार पोरं दिवाळीनंतर आईबापांबरोबर वीटभट्टीवर गेली होती. हजेरीपटावर नावं एकवीस आणि बसायला सतरा. वीस डोकी भरली नाहीत तर शाळा बंद, असं तालुक्याहून आलं होतं. बंद म्हणायचं नाही. विलीन म्हणायचं. आठ किलोमीटरवरच्या मोठ्या शाळेत विलीन. मधे जंगल, मधे ओढा, आणि पोरं पायी. ज्याने हा शब्द काढला त्याने स्वतःचं पोर त्या वाटेने एकदा तरी पाठवावं.

वाडीत सरकार म्हणून दुसरं होतंच काय? उपकेंद्राला कुलूप होतं. नर्सबाई मंगळवारी येते असं दारावर लिहिलेलं, कुठल्या मंगळवारी ते लिहिलेलं नव्हतं. घरकुलं आली ती भिंतींपर्यंत आली. छपराशिवायच्या त्या भिंतींत लोक बकऱ्या बांधत होते, आणि भिंतीवर योजनेचं नाव मात्र रंगवून झालं होतं. उरली ही एक खोली, आठवड्याचे सहा दिवस उघडणारी. लहानी तिच्यात खिचडी शिजवायची, आणि तिची धाकटी रुपाली तिच्यात पहिलीला होती.

थोरली अंजू चौथीनंतर त्या मोठ्या शाळेत जायला लागली होती. श्रावणात ओढ्याने दोन दिवस अडवली, भादव्यात चार दिवस, मग ती बकऱ्यांमागे गेली. सोळाव्या वर्षी लग्न झालं, सतराव्याला बाळंतपणात गेली. उपकेंद्राच्या पायरीवर. त्या दिवशी मंगळवारच होता. रुपालीचं तसं होऊ द्यायचं नाही, हे लहानीने कुणाला बोलून दाखवलं नव्हतं. ती नुसती दररोज सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन शाळेचं दार उघडायची.

म्हणून काल ती खिंड ओलांडून भावाकडे गेली होती. कमळू वांग्याच्या वाफ्यात पाणी सोडत होता. पळसवाडीला नदी आहे. लोक भाजी काढतात, धसईच्या बाजारात नेतात, भट्टीवर कुणी जात नाही.

“चार पोरं दे रे एक दिसासाठी.”

“बहीन वांगी मागायची सोडून पोरं मागते,” कमळू हसला. “ने की. आमच्या शाळंत बावीस हायेत. चार दिली तर काय उणं पडतंय?”

दोघांपैकी कुणीही त्या बावीसातून चार वजा केले नाहीत. तालुक्याचे साहेब डोकी मोजायला कारवीवाडीला येणार एवढंच दोघांना ठाऊक. शाळेच्या सरांच्या फोनवर निरोप आला तोही तेवढाच. पळसवाडीत तर फोनच लागत नाही.

साहेब दहाला आले. जीप, बरोबर एक कारकून. हर्षित सरांनी पोरांना ओळीत बसवलं. सर मुरबाडहून मोटारसायकलवर येणारा तरुण माणूस. त्याच्या कपाळावर जानेवारीतही घाम होता. साहेब बोटाने मोजत गेले. तानीपाशी थांबले.

“तुझं नाव काय, बाळ?”

“देवकी वाळू मेंगाळ. बापूस रानात गेलाय, लाकडाला.”

“मी बापाचं विचारलं नव्हतं,” साहेब म्हणाले आणि पुढे गेले. चुलीपाशी लहानीने थांबलेला डाव पुन्हा खिचडीत फिरवला.

एकवीस. कारकुनाने फोनवर सगळ्यांचा फोटो काढला. “चेहरे वर. हलू नका. ह्या फोटोवर जागा आणि वेळ येते बरं का, वर पाठवायचा असतो.” साहेबांनी खिचडीचा एक घास चाखला, मीठ कमी आहे म्हणाले आणि वहीत ‘उत्तम’ लिहिलं. मग जीपमध्ये पाय ठेवता ठेवता सरांना विचारलं, “पळसवाडीला इथून कसं जायचं? ती पण आजच उरकतो. तुमच्यासारखीच काठावरची आहे.”

सरांनी रस्ता सांगितला. टोकावड्यावरून वळसा घेऊन जा, तासभर लागेल. आवाज त्यांचा वाटत नव्हता.

जीप वळणाआड गेली.

“बावीसातून चार,” सर म्हणाले.

लहानीने डाव पातेल्यात टाकला. पायवाटेने पाऊण तास. पोरं धावली तर त्याहून कमी.

“नेऊ का, सर?”

सरांनी फाटक उघडून धरलं.

पोरं धावली. त्यांना गंमत वाटत होती. वाळक्या गवतातून, दगडांवरून चौघं पुढे आणि लहानी मागे, लुगड्याचा काचा मारून, छातीत कळ येईपर्यंत. खिंडीत पोचली तेव्हा सूर्य अजून डोक्यावर आला नव्हता. खाली पळसवाडी दिसत होती. वांग्यांचे वाफे, शाळेचं लाल कौल, अंगणात खेळणारी पोरं. जीप कुठेच नव्हती. वेळेत पोचल्यातच जमा होतं. उतरायला फार तर दहा मिनिटं.

“आत्या,” तानी धापा टाकत म्हणाली, “आता तिथं पन फोटू काढतील ना? माजे दोन फोटू! एक देवकीचा, एक माजा!”

लहानी थांबली.

तोच साहेब. तोच फोन. इथे देवकी, तिथे तानी, चेहरा एकच. मग एक शाळा जाणार नव्हती. दोन्ही जाणार होत्या, हर्षित सरांची नोकरी जाणार होती, आणि पळसवाडीच्या बाईंचीही.

“बसा,” ती म्हणाली.

“कशाला?”

“बसा सांगते ना. पाय दुखले माझे.”

पोरगे करवंदीच्या जाळीमागे बसले आणि खडे खेळू लागले. तानी बसेना. लहानीने मनगट धरून तिला जाळीआड ओढलं.

खाली टोकावड्याच्या बाजूला धूळ उठली. धुळीतून जीप निघाली. पळसवाडीच्या बाई लगबगीने बाहेर आल्या, पोरं आत पळाली. मागून माणसं जमली. त्यात कमळूचं लाल मुंडासं होतं. तो शाळेकडे बघत नव्हता. कपाळावर हात धरून खिंडीच्या वाटेकडे बघत होता.

“बाबा आपली वाट बघतोय! आत्या, सोड ना. आमच्या शाळंत साहेब आलेत. बाई मला मारतील. सोड ना गो!”

लहानीने पकड आवळली. हिशेब बरोबर होता. दोन जाण्यापेक्षा एक गेलेली बरी. सरकारसुद्धा ह्याहून नीट हिशेब करत नाही. पण जी राहणार होती ती रुपालीची होती, आणि हे तिला हिशेब मांडायच्या आधीच कळलेलं होतं. तिने वर ऊन बघितलं, खाली गवत बघितलं. तानीकडे बघितलं नाही. पोरगी रडून रडून गप झाली तरी बघितलं नाही.

जीप अर्ध्या तासाने गेली. धूळ बसायला वेळ लागला. मग लहानी म्हणाली, “चला.”

कमळू वाटेतच सामोरा आला. मागे शाळेच्या पायरीवर बाई पदर तोंडाला लावून बसल्या होत्या.

“अठरा भरले,” तो म्हणाला. “मी सांगितलं साहेबाला, चार पोरं बहिणीकडं गेलीत, येतीलच आता. म्हनला, शाळंच्या दिशी बहिणीकडं? कागद पाठवतो म्हनला. नाक्यावरच्या शाळंत नावं टाकायची.” तो तिच्याकडे बघत राहिला. तिच्या पायाला काटे लागले होते, लुगडं घामाने अंगाला चिकटलं होतं. “धावत आलीस काय गो सगळी वाट?”

लहानीने मान डोलावली.

“थोडक्यात हुकलं. जराशी आधी निघाली असतीस तर…” तो मधेच थांबला. “नाय, तू तरी किती धावशील? आमचंच नशीब. बस, बस हितं सावलीला. तानी, आत्याला पानी आन.”

तानी मनगट चोळत उभी होती.

“ऐकू नाय आलं का गो? आत्या दमलीय. पानी आन.”

तानी आत्याकडे बघत होती. जागची हलली नाही.

“ऱ्हाऊ दे,” लहानी म्हणाली. “पोर पन दमलीय.”