टेकडीवरचं पांढरं घर

"ते वाक्य परत वाच," फोनवर काउंटीचे कमिशनर हॅडक गुरकावले.

मिस व्हर्नांनी शांतपणे परत वाचलं. "शाळेच्या विहिरीच्या पाण्यात शिसं असल्याचा अहवाल कमिशनर रॉइस हॅडक यांनी मार्चपासून दाबून ठेवला."

"छापून तर बघ, व्हर्ना!"

"तुला काही म्हणायचंय का, रॉइस? तेही छापते."

फोन आपटला.

मिस व्हर्ना आमच्या काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, साप्ताहिकाच्या संपादक, बातमीदार आणि झाडूवालीसुद्धा. एकतीस वर्षं त्यांचा एकच नियम: ज्याचं नाव छापायचं, त्याला आधी वाचून दाखवायचं. मी शाळा सुटल्यावर तिथे अंकांवर वर्गणीदारांच्या पत्त्यांच्या चिठ्ठ्या चिकटवते आणि न विचारता मतं देते.

दहा मिनिटांत छापखान्याचा फोन. यंत्र बिघडलंय म्हणे.

"हॅडकनेच बिघडवलं!" मी ओरडले. "कशाला वाचून दाखवलंत त्याला?"

"त्याचं नाव होतं ना त्यात."

"आणि सोमवारी पोरं तेच पाणी पिणार!"

मग त्यांनी कोपऱ्यातलं फोटोकॉपीचं मशीन चालू केलं.

"एकच पान. पाण्याची बातमी आणि पर्डीआजींचं निधन."

"आजींना आता कसली घाई?"

"त्यांच्या लेकीला शब्द दिलाय मी. कागद भर, वटवट नको."

शुक्रवार होता. पाचला पोस्ट बंद होणार आणि साडेचारलाच कागद संपला. वर्गणीदार बाराशे, पानं साठ.

"कुणाला पाठवायची?" मिस व्हर्नांनी विचारलं, आणि तेही मला!

"पोरं शाळेत जातात त्या घरांना!" मी नऊ वर्षं स्कूल बसने जातेय. डोळे मिटले आणि मनातल्या मनात बस सुरू केली. "पीचच्या बागेपाशी ग्रब्जची जुळी. निळ्या ट्रेलर-घरात तिघं. चर्चमागे ती सारखी उलटी करणारी मेव्हिस..." मी थांबे सांगत होते, त्या चिठ्ठ्या चिकटवत होत्या.

शेवटी एकच पान उरलं.

"पुढे?"

"टेकडीवरचं पांढरं घर," मी म्हणाले आणि जीभ चावली. तिथे टोबी बसमध्ये चढतो. पहिलीत आहे, हॅडकांचा नातू. "त्यांना कशाला? त्यांना तर मार्चपासून माहितीये!"

"टोबीच्या आईला माहितीये?"

मी ते पान त्यांच्यापुढे सरकवलं.

पाचला सात मिनिटं होती. मिस व्हर्नांनी गठ्ठ्यातून त्या घराची चिठ्ठी शोधून काढली, पानावर लावली आणि चारही कोपरे अंगठ्याने नीट दाबले.