शेतीची लाईन

विजेच्या सबस्टेशनच्या खोलीत प्रेरणा सत्तावीस तास जागी होती. तिच्यानंतर यायचा तो अविनाश डेंग्यूनं मलकापूरच्या दवाखान्यात पडला होता, आणि बदली माणूस नव्हता. "आजच्या दिवस ओढा," असं खर्चे साहेब काल दुपारी म्हणाले, रात्री म्हणाले, आज सकाळी पुन्हा म्हणाले. प्रेरणा कंत्राटी ऑपरेटर. कंत्राट दर मार्चला संपतं आणि साहेबांच्या शिफारशीनं वाढतं. ती ओढत राहिली.

साडेअकराच्या सुमारास लाईनमन वैजनाथचा फोन आला.

"पोरी, शेतीच्या लाईनवर जंपर तुटला हाये. बंद करून परमिट दे मले. खांबावर चढून तार जोडा लागते."

परमिट म्हणजे शब्द. ऑपरेटरनं 'बंद केली' म्हटलं, की लाईनमन त्या शब्दावर तारेला हात लावतो.

फोन खांद्यात धरून ती उठली. पॅनलपाशी गेली. खटका फिरवला. आतून खाडकन आवाज झाला, चालूचा लाल दिवा विझून बंदचा हिरवा लागला.

"बंद केली काका. चढा."

रजिस्टरात तिनं वेळ लिहिली, अकरा चौतीस. तोंडावर पाणी मारलं. टेबलावर वैजनाथच्या बायकोनं, मंजुळाबाईनं, रात्री तिच्यासाठी धाडलेला भाकरी-ठेच्याचा डबा रिकामा पडला होता. तो धुवायला घेणार तोच गावातल्या चक्कीवरून अन्नपूर्णाबाईंचा फोन आला.

"काऊन बंद केली वं लाईन? दळण अर्धं राह्यलं माह्यं!"

"गावातली नाई केली मावशी. शेतीची..."

बोलता बोलता तिची नजर पॅनलवर गेली. दोन पॅनल शेजारी शेजारी होते. 'गावठाण'वर हिरवा दिवा. 'शेती'वर लाल. आणि शेतीच्या मीटरचा काटा ऐंशीवर.

लाईन चालू होती. वैजनाथ खांबावर होता.

तिनं झेप घेऊन शेतीचा खटका पाडला. काटा शून्यावर आला. घड्याळात अकरा शेहेचाळीस. बारा मिनिटं. खांब चढायला वैजनाथला पाच मिनिटंही लागत नसत.

तिनं फोन लावला. घंटी वाजत राहिली. पुन्हा लावला. पुन्हा. माणूस चिकटला असता तर लाईन आपोआप बंद पडली असती, असं तिनं मनाला सांगितलं. पण कधीकधी पडत नाही, हेही तिनंच ट्रेनिंगमध्ये ऐकलं होतं. धावत जावं तर वैजनाथचा खांब सहा किलोमीटरवरच्या वावरात, आणि सबस्टेशन सोडता येत नाही. हाताची बोटं इतकी गार पडली, की फोनच्या पडद्यावर टेकेनात. मंजुळाबाईला कोण सांगणार? कोणत्या तोंडानं?

नवव्यांदा फोन उचलला. बाईचा आवाज.

"कोण बोलते?"

"सबस्टेशनातून प्रेरणा. वैजनाथकाका कुठी हायेत?"

"मी पुष्पाबाई, वावरवाली. खाली बसले हायेत. बोलता येऊन नाई राह्यलं त्याईले."

"जिवंत हायेत ना?"

"हाव बाई, हाव. घे, देतो त्याईले फोन."

बऱ्याच वेळानं वैजनाथचा आवाज आला. "अर्ध्या खांबावर होतो पोरी. हे पुष्पाबाई वरडली, मोटर चालू हाये, काऊन चढून राह्यले म्हणे. पाह्यलं तं पाईपातून पाणी धो धो."

"काका, मी..."

"लाईन तपासाचा रॉड गाडीलेच होता. तू सांगतलं म्हणून घेतलाच नाई."

प्रेरणानं फोन ठेवला. मग खर्चे साहेबांना लावला.

साहेबांना तिनं सगळं सांगितलं. ते म्हणाले, "माणूस धडधाकट आहे ना? मग लिहू नका. नोंद झाली की चौकशी. तुमचं कंत्राट जाईल, मला पण त्रास."

फोन ठेवल्यावर ती रजिस्टरासमोर बसली. घर तिच्या पगारावर चालत होतं. अकरा चौतीसची नोंद तिथं होती, 'शेती फीडर बंद', सुबक अक्षरात, धडधडीत खोटी. ती तशीच राहू दिली असती तर कुणालाच कळलं नसतं. उद्या पुन्हा कुणीतरी तिच्यासारखंच सत्तावीस तास जागं राहिलं असतं. तिनं खाली लिहिलं: चुकून गावठाण बंद केलं, शेती बारा मिनिटं चालू होती, माणूस खांबावर होता, ऑपरेटर सत्तावीस तास ड्युटीवर. अक्षर इतकं वेडंवाकडं आलं, की तिचं तिलाच ओळखू येईना.

दुपारी वैजनाथ आला. शर्टाला खांबाचा गंज लागलेला. त्यानं उभ्यानंच वाचलं.

"तूनं लिहिलं हे?"

"हाव."

"साहेब नाई म्हणले असतीन."

"म्हणले."

त्यानं तिच्या हातातला पेन घेतला आणि खाली लिहिलं, 'रॉड न लावता चढलो, ही माझी चूक.' सही केली. मग तिथूनच साहेबांना फोन लावला. "बदली ऑपरेटर येईलोक एकही लाईनमन खांबावर चढणार नाई. मी समद्यायले सांगतलं हाये."

चार वाजता बदली माणूस आला.

चौकशी झाली. प्रेरणाला महिनाभर बिनपगारी घरी बसवलं, साहेबांना नोटीस आली, आणि दोन पाळ्या सलग लावायच्या नाहीत असा कागद भिंतीवर चिकटला. कंत्राटाचं मार्चमध्ये काय होणार, ते कुणी सांगितलं नाही.

ती कामावर परत आली, पण फोन वाजला की अजून तिचे हात गार पडतात. ती पॅनलवरच्या नावावर बोट ठेवते, मोठ्यानं वाचते, खटका पाडते, काटा शून्यावर गेलेला पाहते, आणि नाव पुन्हा वाचते. तेवढा वेळ वैजनाथ फोनवर गप्प उभा असतो. घाई करत नाही.