जाझ येत नसल्याचा कागद

शफीक मास्तरांना एकच गोष्ट मनापासून हवी होती, आणि खरं म्हणजे ती काही फार मोठी नव्हती. पंधरा ऑगस्टला औरंगाबादच्या आमखास मैदानावर झेंडा वर चढतो, तेव्हा खाली आपला बँड वाजावा. एवढंच. बाकी लग्नं होती, खुलताबादचा उरूस होता, गणपतीच्या मिरवणुका होत्या, पोटापुरतं सगळं होतं.

अठ्ठेचाळीस साली हैदराबाद संस्थानावर पोलीस ॲक्शन झाली तेव्हा मास्तर बावीस वर्षांचे होते आणि निजामाच्या पलटणीच्या बँडात क्लॅरिनेट वाजवत होते. पाच दिवसांत सगळा खेळ आटोपला. पलटण गेली, वर्दी जमा झाली, क्लॅरिनेट बापानं घेऊन दिलेलं होतं म्हणून तेवढं घरी आलं. मग शहागंजात एक खोली घेऊन त्यांनी लग्नाचा बँड काढला. फुलंब्रीचा कडूबा मोठा ढोल घेऊन आला आणि तेव्हापासून तो त्यांच्या डाव्या हाताला उभा आहे. दर जून महिन्यात मास्तर झेंडावंदन समितीकडे अर्ज करायचे. दर वर्षी उत्तर यायचं, विचार करू. आणि दर वर्षी शाळेच्या पोरांचा बँड वाजायचा, तोही सुरात असेलच असं नाही. विचार नेमका कशाचा चालला आहे ते गावात सगळ्यांना ठाऊक होतं, पण तोंडानं कुणी बोलत नसे. मास्तरही बोलत नसत.

पंधराव्या वर्षी, म्हणजे त्रेसष्ट साली, समितीवर नवे अध्यक्ष आले, नानासाहेब वकील. मनानं बरा माणूस, फक्त कुणी मोठ्यानं बोललं की त्यांचं मत बदलायचं. त्यांनी मास्तरांना बोलावून सांगितलं, "या वर्षी तुमचंच पक्कं समजा." मास्तर घरी गेले आणि बायकोला, अमिनाला, ही बातमी तीनदा सांगितली. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "सुनी ना जी मैं."

आणि जुलैत अमेरिकेचे वाजवणारे आले.

ते आले होते वेरूळची लेणी बघायला. त्यांच्या सरकारनंच त्यांना देशोदेशी पाठवलं होतं, जाझ नावाचा प्रकार लोकांना ऐकवायला. कशासाठी, ते तेव्हाही कुणाला नीट कळलं नाही. जाताजाता एक कार्यक्रम औरंगाबादेत ठेवला होता, संध्याकाळी पाच वाजता, मांडव घालून. स्वागताला बँड हवा म्हणून मास्तरांना सांगावा गेला. मास्तरांनी फाटकात उभं राहून वाजवलं. पाहुण्यांतला एक उंच, काळा, हसतमुख माणूस थांबून ऐकत राहिला. त्याच्या गळ्यात सॅक्सोफोन होता. त्यानं मास्तरांच्या क्लॅरिनेटकडे बघितलं, मास्तरांनी त्याच्या सॅक्सोफोनकडे बघितलं, आणि तासाभरानं त्यानं मास्तरांना हाताला धरून स्टेजवर नेलं.

आता इथं लग्नाच्या बँडातली एक रीत सांगायला हवी. वरात निघते, आणि मध्येच घोडा थांबतो. म्हणजे घोडा बिचारा चालायला तयारच असतो, पण नवरदेवाचे मामे पुढं नाचत असतात. अशा वेळी कडूबा ढोलाची काठी वर धरतो. काठी वर आहे तोवर क्लॅरिनेटवाल्यानं पुढं जायचं नाही, तीच ओळ घोळवत राहायची. लोक कंटाळू नयेत म्हणून दर वेळी थोडी वाकवायची, थोडी हसवायची, कधी अर्ध्यात सोडून द्यायची. काठी खाली आली की घोडा हलतो आणि गाणंही हलतं. काठी वर असताना थांबलेला वाजवणारा अख्ख्या मराठवाड्यात सापडायचा नाही.

स्टेजवर मास्तरांनी एक ओळ वाजवली. तेवढ्यात मागं बसलेला अमेरिकन ढोलवाला खुशीत आला आणि त्यानं आपली काठी डोक्यावर उचलली.

मास्तर घोळवायला लागले. काठी वरच. सॅक्सोफोनवाला डोळे मिटून मान हलवत होता, मागचा जाडा माणूस भल्या मोठ्या व्हायोलिनच्या तारा बोटांनी ओढत होता, आणि तो ढोलवाला एका हातानं वाजवत दुसरी काठी काही खाली आणेना. मास्तरांना घाम फुटला. ह्यांच्याकडे घोडा तरी केवढा वेळ थांबतो, असं त्यांच्या मनात आलं. त्यांनी ओळ वाकवली, मोडली, उलटी केली, पलटणीतला एक जुना तुकडा तिच्यात घातला, उरुसातली एक फिरत घातली. दहा मिनिटं गेली. शेवटी त्या माणसाचा हात दुखला असावा. काठी खाली आली आणि मास्तर थांबले. मांडव उभा राहून टाळ्या वाजवत होता. सॅक्सोफोनवाल्यानं मास्तरांना मिठी मारली.

खाली उतरल्यावर त्यांनी कडूबाला विचारलं, "काय झालं रे?"

"मला काय म्हाईत," कडूबा म्हणाला. "वरात अडकल्यावर वाजवता तेच वाजवलं तुमी. पण लोक खुर्च्यांवर उभे ऱ्हायले."

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. खाली छापलं होतं, औरंगाबादच्या बँडमास्तरचा जाझ. मास्तरांनी तो फोटो बराच वेळ बघितला. ज्याला मिठी मारलीय तो माणूस आपणच आहोत याबद्दल शंका नव्हती, शंका होती ती जाझची.

मग गावात जो गोंधळ उडाला तो विचारू नका. शहागंजात एका पानवाल्यानं जाझ पान काढलं, त्यात नेहमीपेक्षा गुलकंद थोडा जास्त. कॉलेजातली पोरं मास्तरांना बघून कंबर हलवायची. फुलंब्रीचा एक नवरीचा बाप मुद्दाम अडून बसला की पेपरातलं तेच वाजलं पाहिजे. मास्तरांनी वाजवलं. तो म्हणाला, "हे तर तुमी थोरलीच्या लग्नातबी वाजवलं व्हतं."

इथवर सगळं हसण्यावारी होतं. पुढं राजकारण शिरलं. कामगारांचे पुढारी पुंजाराम यांचं एक साप्ताहिक होतं. त्यात त्यांनी लिहिलं की अमेरिका आधी गहू पाठवते, मग बाजा पाठवते, मग मालक होते. आणि तिचा बाजा गळ्यात बांधून घेणारा माणूस झेंड्याखाली उभा करणार काय? लगेच दुसऱ्या पक्षाच्या पेपरानं लिहिलं की शफीकभाई म्हणजे औरंगाबादची शान आणि त्यांना बोलणारे रशियाचे हस्तक. मास्तरांनी दोन्ही पेपर कडूबाकडून वाचून घेतले, कारण त्यांचं शिक्षण उर्दूत झालेलं. ऐकून झाल्यावर त्यांनी विचारलं, "म्हंजी मी नेमका कुणाचा?"

"दोघांचेबी दिसताय," कडूबा म्हणाला. "नायतर कुणाचेच नाय."

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात नानासाहेबांचं बोलावणं आलं. त्यांच्या टेबलावर एक टाइप केलेला कागद होता. नानासाहेबांनीच तो वाचून दाखवला. मी खाली सही करणार शफीक वल्द निजामुद्दीन, धंदा बँड, लिहून देतो की मला जाझ येत नाही, मी तो कधी वाजवलेला नाही व पुढेही वाजवणार नाही.

"लोक बोलतात हो," नानासाहेब म्हणाले. "माझ्या हातात काही तरी पाहिजे. ही सही झाली की बँड तुमचाच."

"सही करायला माझी ना नाय," मास्तर म्हणाले. "पण नानासाहेब, मी वाजवला का नाय वाजवला, ते मलाच म्हाईत नाय. जाझ म्हंजी काय, तेवढं सांगा तुम्ही. मग मी खरं काय ते लिहून देतो."

नानासाहेबांनी खिडकीबाहेर बघितलं. त्यांनाही ते ठाऊक नव्हतं. "ते ठरवायचं काम आपलं नाही," ते म्हणाले. "तुम्हाला नक्की माहीत असतं तर हा कागद करायची वेळच आली नसती."

मास्तर दोन दिवस कागद घेऊन हिंडले. अमिनाचं म्हणणं साफ होतं. "पंधरा बरस से किसी कागदपे नाम नै आया, तो चैन से हैं. अब दस्तखत करो नक्को जी." तिचं खरं होतं. पलटणीतल्या कित्येकांची नावं त्या वेळी कागदांवर चढली आणि मग ठाण्यात हजेऱ्या लावता लावता त्यांची वर्षं गेली. मास्तरांचं नाव कसं कुणास ठाऊक राहून गेलं होतं. पण झेंड्याखाली उभं राहायचं होतं ना त्यांना. गावानं आपल्याकडे एकदा तरी आपला म्हणून बघावं, ही भूक वाईट असते, तिच्यापुढं शहाण्या बायकोचंही चालत नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी उर्दूत सही केली. नानासाहेब म्हणाले, मराठीत पण करा. त्यांनी मराठीतही केली, एकेक अक्षर काढत.

पंधरा ऑगस्टला सकाळी आठ वाजता झेंडा वर गेला आणि मास्तरांनी राष्ट्रगीत वाजवलं. सरळ वाजवलं, कुठं केसाइतकंही वाकू दिलं नाही. कडूबाच्या ढोलाचा एक ठोका इकडचा तिकडं झाला नाही. समोर शाळेची पोरं, साहेब लोक, दुकानदार, सगळे ताठ उभे होते. संपल्यावर मास्तरांनी क्लॅरिनेट खाली घेतलं तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते आणि त्यांनी ते पुसलेही नाहीत. पंधरा वर्षं वाट बघितली होती, थोडं पाणी आलं तर बिघडलं काय.

तेवढ्यात नानासाहेब लगबगीनं आले. चेहरा फुललेला. दिल्लीहून अजिंठा बघायला आलेले एक बडे साहेब झेंडावंदनाला बसले होते. त्यांच्या बायकोनं कुठल्याशा मासिकात मास्तरांचा फोटो बघितला होता.

"मास्तर, बाईसाहेबांना ते ऐकायचंय. तुमचा तो जाझ. दहा मिनिटं वाजवा."

मास्तरांना वाटलं, नानासाहेब गंमत करताहेत. पण नानासाहेब गंमत करणाऱ्यांतले नव्हते.

"मला येत नाय, नानासाहेब. लिहून दिलंय ना मी."

"अहो, ते कागदापुरतं होतं. एवढं मनावर कशाला घेता? साहेब मोठे आहेत."

"मग तो कागद परत द्या," मास्तर म्हणाले. "तुम्ही म्हणाल तेवढा वेळ वाजवतो."

नानासाहेबांनी मागं वळून बघितलं. मग आवाज खाली आणला. "तो माझ्याकडं नाही आता. मी ठाण्यात नेऊन दिला. उद्या कुणी विचारलं तर भानगड नको म्हणून. फाइल केली म्हणाले त्यांनी."

"कसली फाइल?"

"तुमच्या नावाची. नवीन काढली."

मास्तरांनी क्लॅरिनेट काखेत धरलं. मग त्यांनी विचारलं, "शाळेचा बँड वाजायचा तवा पोरांच्या बी काढल्या व्हत्या का?"

"पोरांच्या कशाला काढतील?" नानासाहेब म्हणाले. बोलून गेल्यावर त्यांना आपण काय बोललो ते कळलं असावं, कारण ते उगाच टोपी सारखी करायला लागले.

मास्तर फिरले. त्यांनी क्लॅरिनेटचे तुकडे सुटे केले, एकेक फडक्यानं पुसला आणि पेटीत ठेवला. तिकडं खुर्चीवर बसलेल्या बाईसाहेब हसून त्यांच्याकडे बघत होत्या.

"मास्तर," कडूबा हळूच म्हणाला, "त्या थांबल्यात. काय सांगू?"

"सांग, येत नाय म्हणून."

"पण येतंय की तुमाला."

मास्तरांनी पेटीची कडी लावली. "त्या दिवशी येत व्हतं कडूबा, मला म्हाईत नव्हतं तरी येत व्हतं," ते म्हणाले. "सही केल्यापासून घरी दोनदा बघितलं वाजवून. आता खरंच येत नाय."