एका मापाचे भाऊ

वहिनींनी कात्रीच्या टोकाने कोटाच्या खांद्याची शिवण उसवली आणि आतला कापूस उपसून उशीखाली सारला.

"झालं का वहिनी? माणसं खोळंबलीत," धाकटा दीर दाराबाहेरून म्हणाला.

"झालंच. बटण टाकतेय."

बटण शाबूत होतं. शेवटच्या सभेत थोरल्यांनी हाच कोट घातला होता. सभेहून आले, जेवले, आडवे झाले ते उठलेच नाहीत. आता त्यांच्या जागी धाकटा निवडणुकीला उभा राहणार होता आणि हाच कोट घालून व्हरांड्यात लोकांसमोर जाणार होता. दोघा भावांचं माप लहानपणापासून एकच. एकाने शिवायचा आणि दुसऱ्याने मिरवायचा, असं सासूबाई म्हणायच्या.

क्रियाकर्म उरकल्यावर कुजबुज सुरू झाली होती. एवढा धडधाकट माणूस असा जातो होय? शेवटचं ताट कुणी वाढलं? उचलली जीभ लावली टाळ्याला! साप साप म्हणून भुई धोपटता धोपटता लोक स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन थांबले. तिथे स्वयंपाकाच्या मावशी होत्या. या दोघा भावांना त्यांनीच भरवून मोठं केलं होतं. आता त्यांच्या हातचं घरात कुणी खात नव्हतं, आणि संध्याकाळी पोलीस त्यांना चौकशीला नेणार होते.

दीर आत आला. मघाशी मावशींनी त्याच्यासाठी ठेवलेला चहा टेबलावर तसाच होता, साय धरलेला. त्याने कप कोपराने बाजूला सारला आणि कोटात हात घातले.

खांदे नीट बसले. मग त्याने पुढचे काठ ओढले. पोट आत घेतलं, श्वास रोखला, पुन्हा ओढले. बटण आणि काज यांच्यात वीतभर अंतर राहिलं.

"हा त्याचाच ना?"



त्याने कोट काढून उलटा केला. दोन्ही बाजूंच्या शिवणी आत घेतलेल्या होत्या, एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. घरच्या सुईचे टाके. तो ते टाके बोटाने चाचपत राहिला.

"कधीपासून?"

"पावसाळ्याच्या आधीपासून. डॉक्टरांनी हात टेकले होते. निवडणूक होईपर्यंत कुणाला सांगायचं नाही, अशी शपथ घातली मला. तुम्हालासुद्धा नाही." त्यांनी उशीखालून कापूस काढला. "खांद्यात मी हा भरत होते. लोकांना भरल्या अंगाचा दिसावा म्हणून."

दीर खुर्चीवर बसला. रोज शेजारी उभं राहूनही आपल्याला दिसलं नाही, याने त्याला भडभडून आलं. बाहेर घोषणा सुरू झाल्या. खुन्याला शिक्षा द्या, असं कुणीतरी ओरडलं आणि बाकीच्यांनी ते उचललं. त्याच ओरडण्यावर तो निवडून येणार, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं.

मग त्याने विचारलं, "शिवणी उसवून सैल होईल?"

"होईल. कापड आत आहे." वहिनींनी सुई हातात घेतली, पण ओवली नाही. "मी गप्प राहिले, भाऊजी. त्यांना दिलेला शब्द राखला आणि मावशींना लोकांच्या तोंडी दिलं. आता तुम्ही सांगाल तसं. सैल करू?"

त्याने कोटाकडे पाहिलं, मग चहाच्या कपाकडे. मग तो उठला, कोट तसाच अंगात चढवला आणि बटणं उघडी ठेवून स्वयंपाकघराच्या दाराशी गेला. मावशी ओट्याला टेकून उभ्या होत्या.

"मावशी, चहा गार झाला. दुसरा करा. आणि बाहेर व्हरांड्यात घेऊन या, मी सगळ्यांसमोर पिणार आहे. मग काय ते बोलतो त्यांच्याशी."

मावशींनी आधण ठेवलं. पावडर टाकली. फळीवरून साखरेचा डबा काढला, झाकण उघडलं आणि डबा त्याच्यापुढे धरला.

"साखर तुम्हीच घाला," त्या म्हणाल्या.