एकाच हातची तीन पुस्तकं

संपादकबाईंनी आमची तिन्ही हस्तलिखितं टेबलावर शेजारी शेजारी मांडली आणि विचारलं, "यातला खरा लेखक कोण, आणि टोपणनावं कुठली?"

मला आधी प्रश्नच कळला नाही. मास्तरांना कळला असावा, कारण त्यांचा चेहरा उतरला. बाईंची समजूत अशी झाली होती, की कुणा एकानेच तीन नावांनी तीन पुस्तकं पाठवली आहेत. त्यात तिघांनी पत्ता दिला होता माझ्या दुकानाचा. संशय यायला आणखी काय हवं?

माझं चष्म्यांचं दुकान आहे. दर शनिवारी दुपारी मी शटर अर्धं खाली ओढते आणि आमची बैठक भरते. मास्तर म्हणजे भूगोल शिकवून निवृत्त झालेले आमचे शेजारी. ते डोळे तपासायच्या खुर्चीत बसतात आणि बोलता बोलता ती वरखाली करत राहतात. काउंटरच्या आतल्या स्टुलावर वन्सं, माझी थोरली नणंद. जन्मभर त्यांनी प्रसूतिगृहात नर्सची नोकरी केली आणि आता त्या आठवणी लिहीत होत्या. मास्तरांची मुलांसाठी जहाजाची साहसकथा चालली होती, आणि माझी एक रहस्यकथा, जिच्यात खून जरा उशिरा होतो.

बैठकीचा नियम एकच. आपलं लिखाण दुसऱ्याने वाचायचं, ऐकणाऱ्याला जे खटकेल ते जागच्या जागी कापायचं, आणि ज्याचं त्याने हूं की चूं करायचं नाही. त्या नियमापायी विशेषणं गेली, लांब वाक्यांचे तुकडे झाले. मास्तरांचा कप्तान ऊठसूट गाणी म्हणायचा, त्याला आम्ही गप्प केलं. माझा इन्स्पेक्टर दिसेल त्याच्यावर खेकसायचा, त्याला मास्तरांनी शिस्त लावली. वन्संचं प्रत्येक पान 'अगं बाई'ने सुरू व्हायचं, ते मी काढलं. त्या वेळी आम्हाला वाटायचं, याला म्हणतात कसब.

पुस्तकं नेटकी झाली आहेत, हे बाईंनाही मान्य होतं. एक वाक्य वाया गेलेलं नाही, म्हणाल्या. फक्त नर्स, कप्तान आणि इन्स्पेक्टर हे तिघं एकाच आईची लेकरं असल्यासारखे बोलतात.

"तुम्ही एकमेकांना इतकं घासलंत," त्या म्हणाल्या, "की भांड्याची कल्हईसुद्धा निघून गेली."

नव्या लेखकासाठी त्यांच्याकडे यंदा एकच जागा होती. पंधरा दिवसांनी तिघांनी एकेक प्रकरण नव्याने लिहून आणायचं, एकमेकांना न दाखवता, आणि आपलं आपणच वाचायचं.

ती जागा मला हवी होती, खोटं कशाला बोलू? याआधी दोन प्रकाशकांनी माझा इन्स्पेक्टर साभार परत पाठवला होता, आणि तिसऱ्याने तर परतही पाठवला नव्हता. पण वन्संची गोष्ट वेगळी होती. त्यांनी आपल्या जुन्या नर्स मैत्रिणींना सांगून ठेवलं होतं, की आपल्या वॉर्डाचं पुस्तक येतंय. त्या सगळ्यांचे आलटून पालटून फोन यायचे. कधी येतंय, माझा फोटो आहे का, मोठ्या डॉक्टरांची फजिती घातलीस का?

ऑफिसचा जिना उतरताना वन्सं म्हणाल्या, "माझं त्यात काही नव्हतंच. लिहिलंत तुम्ही दोघांनी, मी नुसती सही केली. आता त्यांना फोनवर काय सांगू?"

पंधरा दिवस बैठक बंद. माझा इन्स्पेक्टर पहिल्या ओळीपासून मोकळा सुटला. मी ते मोठ्याने वाचायला लागले, तर नवरा म्हणाला, घरात एवढं खेकसणं चालतं ते कमी पडतं का? एका शब्दासाठी अडले म्हणून मास्तरांना फोन केला, तर त्यांनी नियमाची आठवण करून दिली आणि फोन ठेवला.

वन्सं आमच्याच घरी राहतात. रोज संध्याकाळी त्या जेवायच्या टेबलाशी कागद घेऊन बसत, एक वाक्य लिहीत आणि तेच खोडत. न राहवून मी विचारलं, काय अडतंय?

"लिहायला घेतलं, की कानात तुझा आवाज येतो," त्या म्हणाल्या. "वन्सं, हे जास्तीचं आहे."

ते मला लागलं. मी भाजी ढवळत बसले, ती आधीच शिजली होती.

ठरल्या दिवशी मास्तरांनी पहिलं वाचलं. त्यांचा कप्तान गायला लागला, आणि मास्तर ते गाणं चालीवर म्हणाले. शेजारच्या खोलीतली माणसं काय झालं म्हणून बघून गेली. मग मी वाचलं, आणि बाई दोनदा हसल्या. मनात म्हटलं, आता जागा आपलीच. तेवढ्यात वन्सं पर्स उचलून उभ्या राहिल्या.

"मी काही आणलं नाही. माझं नाव काढून टाका," म्हणाल्या आणि दाराकडे निघाल्या.

वन्संची एक खोड मला पक्की ठाऊक आहे. विचारलं तर त्या सांगणार नाहीत, पण त्यांच्यासमोर कुणी चुकीचं सांगितलं तर त्यांना गप्प बसवत नाही. सहलीला बस कुठे बंद पडली होती यावरून त्यांनी सख्ख्या भावाला भर जेवणात उभं-आडवं घेतलंय. दाराच्या मुठीवर त्यांचा हात गेला, आणि मी बाईंना म्हटलं, "राहू द्या, त्यांची लिफ्टची गोष्ट मी सांगते. वन्सं नोकरीत नव्या होत्या. बाळंतिणीला वरच्या मजल्यावर नेताना लिफ्ट मध्येच अडकली. दिवे गेले, मिट्ट काळोख."

वन्सं थांबल्या. "दिवा होता."

"त्या काळोखात वन्सं न डगमगता..."

"दिवा होता म्हणते ना. आणि न डगमगता काय? माझे पाय लटपटत होते."

मी ऐकलंच नाही असं दाखवलं. "त्यांनी तिचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, घाबरू नका, मी आहे."

आमच्या पुस्तकातलं वाक्य होतं ते, एक शब्द इकडचा तिकडे नाही. वन्सं तरातरा परत आल्या आणि खुर्ची ओढून बसल्या.

"अगं बाई, मी कुठली म्हणतेय? तोवर एकटीने एकही बाळंतपण केलं नव्हतं मी. मी भिंतीला टेकले आणि भोकाड पसरलं. वरून तो लिफ्टमन ओरडतोय, काही लागलं तर सांगा. आता त्याला काय सांगू, दुसरी नर्स टाक म्हणून? ती बाई कण्हतेय, कण्हता कण्हता माझ्याकडे बघतेय. शेवटी तिनेच माझा हात धरला. म्हणाली, सिस्टर, घाबरू नका. माझं हे तिसरं आहे. मी सांगते तसं करा."

मास्तर खुर्चीत पुढे सरकले. वन्संचं आमच्याकडे लक्षच नव्हतं. ती बाई कळांच्या मधून मधून सूचना कशा देत होती, बाळाला गुंडाळायला काही नाही म्हणून आपला ॲप्रन कसा काढला, लिफ्ट वर जायची ती खाली कशी आली आणि दार उघडलं तेव्हा समोर अख्खी रांग कशी उभी होती, सगळं त्यांनी हातवारे करून सांगितलं.

"आम्ही तिघं बाहेर आलो," त्या म्हणाल्या. "त्यात सगळ्यात मोठ्याने रडत होते ती मी."

संपादकबाई पोट धरून हसल्या, आणि मग चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले. हे पुस्तकात का नाही, त्यांनी विचारलं. मी खाली बघायला लागले. नक्की मीच कापलं असणार.

"या दोघांनी नाही कापलं," वन्सं म्हणाल्या. "मी लिहिलंच नव्हतं. मला वाटलं, छापून यायचं तर माणसाने धीट असायला हवं."

बाईंनी निकाल तिथल्या तिथे दिला. हे आत्ता सांगितलं तसंच्या तसं लिहा, म्हणाल्या, आणि या दोघांना दाखवू नका. माझा इन्स्पेक्टर पुढच्या वर्षी बघू. मास्तरांना त्यांनी एवढंच सांगितलं, की सूर जरा सांभाळा.

जिना उतरताना मी दोन पायऱ्या पुढेच चालत होते. वन्सं म्हणाल्या, माझ्यामुळे तुझं राहिलं. मी म्हटलं, हो, राहिलं, आणि मी चिडलेय, घरी जाईपर्यंत बोलू नका माझ्याशी. पण गप्प बसणं वन्संच्या रक्तातच नाही.

"मला एक सांग," खालच्या पायरीवर त्या थांबल्या. "दिवा होता हे तुला माहीत होतं. पुस्तकात आहे ते."

"माहीत होतं."

"म्हणजे मुद्दाम चुकीचं सांगत होतीस."

"दिव्याचं मुद्दाम," मी म्हटलं. "बाकीचं मला खरंच तसं वाटत होतं."

आणि तेच खरं होतं. इतकी वर्षं एका छपराखाली राहून या बाईला कधी कशाची भीती वाटली असेल, हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं. वन्सं मात्र कठड्याला धरून हसत होत्या.

"मग उरलेली प्रकरणं तूच सांग," त्या म्हणाल्या. "तुला वाटतं तशी. दाखवायचं नाही म्हणाल्यात बाई. ऐकायचं नाही, असं कुठे म्हणाल्यात?"

शनिवारी मी शटर अर्धं ओढलं. मास्तर खुर्ची वर घेऊन ऐकायला बसले, आणि मी वन्संच्या दुसऱ्या प्रकरणाची वाट लावायला सुरुवात केली. माझं पहिलं वाक्य पुरं व्हायच्या आत वन्संनी पेनाचं टोपण काढलं.